प्रति: ट्रॉलरच्या शाफ्टला टूल घासतं

लेथवर ट्रॉलरचा (मासेमारी बोटीचा) ३१६ स्टेनलेसचा शाफ्ट कातताना टूल कापण्याऐवजी घासतं, असं तुम्ही विचारलंय. त्यावर फीड (एका फेऱ्यात टूल जितकं पुढे सरकतं ते अंतर) आणखी कमी करायचा सल्ला आलाय, तो कृपया पाळू नका. ३१६ स्टेनलेसचा पृष्ठभाग घासला की कडक होतो. फीड ०.०५ मिमीवर आणलंत तर टूल त्याच कडक थरात फिरत राहतं, कापत नाही. ४० मिमी शाफ्टला एचएसएस (हाय-स्पीड स्टील) टूल असेल तर १४० आरपीएमच्या आसपास, फीड ०.१५ मिमी, कटची खोली १ मिमी आणि कूलंट सतत. कट चालू असताना मध्येच थांबू नका.

खरा दोष बहुधा टूलच्या धारेत आहे. टूलला ५-६ अंशांचाच रेक (टूलच्या वरच्या बाजूचा उतार) असेल तर तो इथे पुरत नाही. साइड रेक (बाजूकडचा उतार) १२ ते १५ अंश ठेवा, क्लिअरन्स (धारेखालची बाजू शाफ्टला लागू नये म्हणून दिलेला उतार) ७-८ अंश, आणि धार ऑइलस्टोनवर फिरवून घ्या. टूलची उंचीही तपासा: शाफ्टच्या सेंटरच्या अर्धा मिमी वर असेल तर या व्यासाला क्लिअरन्स जवळजवळ दीड अंशाने घटतो. मग ग्राइंडिंग नीट असलं तरी टूल घासण्याची शक्यता वाढते.

लांब शाफ्ट थरथरत असेल तर नोज रेडियस (टूलच्या टोकाची गोलाई) ०.८ मिमीवरून ०.४ करा, म्हणजे आडवा दाब कमी होईल. फिनिश मात्र थोडं खरखरीत येईल, कारण त्याच फीडला रेघांची खोली दुप्पट होते. शेवटच्या कटला फीड ०.१ मिमी करा, त्याखाली नको.

१ जूनला मासेमारी बंद झाली की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात शाफ्टबरोबर गनमेटलचे (तांब्याच्या मिश्रधातूचे) बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळकांडी, हेही कामाला येतात. त्यांना हे टूल लावू नका, जास्त रेकमुळे ते आत ओढलं जातं. तिथे रेक शून्य.