ट्रायल्स बाइकला बाहेरून घेतलेला (कंपनीचा नसलेला) एक्झॉस्ट: टायटॅनियम की स्टेनलेस?

प्रश्न (डिचोली): टू-स्ट्रोक ट्रायल्स बाइक (दगड-अडथळ्यांवरून तोल सांभाळत चालवायची) आहे. सराव जांभ्या दगडावर, पावसातही. कुठला पाइप जास्त टिकेल?

उत्तर (फोंडा): गंजाच्या बाबतीत दोन्ही चालतील; साधा लोखंडी मात्र खाऱ्या हवेत नको. टायटॅनियम हलकं, पण पत्रा पातळ, दगडावर आपटला की पोचा येतो. माझं मत स्टेनलेसला. पाइप फुटतो तो बहुधा ब्रॅकेटजवळ, वेल्डच्या कडेला. कारण बहुधा ताण: रबर बुश (बोल्टाभोवतीचं धक्के झेलणारं रबर) कडक झालेलं किंवा पाइप ओढून बसवलेला. आधी सगळे बोल्ट सैल ठेवा, सिलिंडरकडची बाजू बसवा, मग मागचे आवळा. भोकं जोर न लावता जुळलीच पाहिजेत.

उत्तर (मडगाव): चीर दिसली तर तिच्या टोकाला 2 मिमीचं भोक पाडून मगच वेल्ड करा, नाहीतर ती पुढे सरकते. टायटॅनियमला पाइपच्या आतूनही आर्गन (वेल्डपासून हवा दूर ठेवणारा वायू) लागतो. वेल्ड चंदेरी हवा. राखाडी-पांढरा म्हणजे ठिसूळ झाला.

प्रश्न (डिचोली): आणि सायलेन्सरमधली वूल (आवाज शोषणारी तंतूंची भरण) कधी बदलायची?

उत्तर (फोंडा): आवाज फाटका झाला, सांध्यातून काळं तेल झिरपलं की बदला. तेलात भिजलेली वूल धुऊन परत भरू नका.