जुन्या विटांच्या कॉटेजला ओल: विटांमधल्या दरजा (फटी) सिमेंटने भरू की चुन्याने?

मेधा_लेस्टर:
गेल्या वर्षी आम्ही इंग्लंडमध्ये, लेस्टरशायरमधल्या एका खेड्यात अठराव्या शतकाच्या अखेरचं कॉटेज घेतलं. ग्रेड टू यादीतलं, म्हणजे सरकारने जपायच्या ठरवलेल्या जुन्या इमारतींपैकी आहे. समोरची भिंत फ्लेमिश बॉण्डची, म्हणजे एकाच थरात एका विटेची लांब बाजू दिसते, तिच्या शेजारचीचं आखूड तोंड. वळचणीखाली दातांसारखी पुढे आलेली विटांची ओळ आहे, सकाळचं ऊन तिच्यावर पडलं की मी चहा घेऊन बाहेरच उभी राहते. पण दाराच्या डावीकडे गुडघ्याएवढी ओल चढली आहे. काल विटेला बोट लावलं तर लाल भुगा हातात आला. मधलं सिमेंट मात्र टणक, विटेच्याही पुढे आलेलं. गवंडी म्हणतो, खरवडून पुन्हा सिमेंटच भरू. माझं मन धजत नाही.

वाईकर:
मेधाताई, सिमेंट नकोच. भिंतीत मुरलेलं पाणी चुन्याच्या दरजांतून सुकतं. ती वाट बुजली की ते मऊ विटेतून निघतं, थंडीत गोठून फुगतं आणि विटेचे पापुद्रे सुटतात. झिजायचं तर दरजेने झिजावं, विटेने नाही. आमच्या वाड्याची मागची भिंत अशीच गेली, अजून जीव हळहळतो. जुनं सिमेंट छिन्नीनेच काढा, ग्राइंडर विटांच्या कडा खातो. आणि आधी काउन्सिलच्या संवर्धन अधिकाऱ्याला फोटो पाठवा. यादीतल्या घराचं रूप बदलणारं काम परवानगीविना करणं हा १९९० च्या कायद्याने फौजदारी गुन्हा आहे. भिंतीला लागून माती चढली आहे का, तेही बघा.

वीटवेडा:
लेस्टरशायर म्हणालात म्हणून विचारतो, विटा किती जाड आहेत? १७८४ मध्ये विटांवर कर बसला, हजारामागे अडीच शिलिंग. कर नगावर होता, म्हणून तुमच्याच भागात मेशम गावात जोसेफ विल्क्स या उद्योजकाने दुप्पट मोठ्या विटा पाडल्या. त्यांना 'गॉब' म्हणतात. १८०३ मध्ये मोठ्या विटांवर दुप्पट कर लागला, १८५० मध्ये तो सगळाच उठला. एकदा पट्टी लावून बघाच.

मेधा_लेस्टर:
लावली! समोरच्या अडीच इंच, आणि मागच्या स्वयंपाकघराच्या भिंतीच्या चक्क साडेचार! रोज तिथेच भांडी घासते, कधी लक्षातच आलं नव्हतं. फोटो पाठवले आहेत, गवंड्याला थांबायला सांगितलं. दाराच्या डावीकडे आधीच्या मालकांचा फुलांचा वाफा भिंतीला चिकटून होता. आज तिथली माती घमेल्याने बाजूला केली, तर खाली विटांचे आणखी दोन थर निघाले, चिंब ओले.