मदत हवी आहे : कामबंदीचा आदेश आणि बुडालेली कमाई

कायद्याच्या अभ्यासगटासाठी टिपण लिहितोय, एका मुद्द्यावर गाडी अडली आहे. स्वतः ठणठणीत, पण अंगात रोगजंतू असलेल्या माणसाला सरकारने कामावरून उठवलं, तर त्याच्या पोटापाण्याचं काय?

मेरी मॅलनचं प्रकरण वाचलं. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण, टायफॉइडची वाहक. १९१० मध्ये स्वयंपाक न करण्याच्या अटीवर सक्तीच्या विलगीकरणातून सोडलं, मग धुलाईचं कमी पगाराचं काम, आणि १९१५ मध्ये सापडली ती थेट एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात. (तिच्या हट्टाबद्दल सगळे लिहितात, पगाराबद्दल क्वचितच.) १९८४ ची सिराक्यूझा तत्त्वंही (सरकार नागरिकांच्या हक्कांवर कधी आणि कितपत निर्बंध घालू शकतं, याची आंतरराष्ट्रीय तत्त्वं) पाहिली: निर्बंध कमीत कमी जाचक हवा, आणि त्याचं समर्थन करायची जबाबदारी सरकारची. जर्मनीच्या संसर्ग-संरक्षण कायद्यात कलम ५६ नुसार अशा वाहकालाही बुडालेल्या कमाईची भरपाई आहे.

लससक्तीचा वाद इथे नको; त्यावरचा अमेरिकेतला जेकबसन खटला (१९०५) माहीत आहे. देश कुठलाही चालेल, पण निकालाचं नाव आणि साल हवं. भरपाईची सोय नाही, एवढ्याच कारणावरून असा आदेश एखाद्या न्यायालयाने रद्द केला आहे का?