लातुरात दोघांचं महिन्याचं खाणं ३,००० रुपयांत: यादी तपासून द्या, आणि त्या ‘साठ रुपयांत दिवस’ व्हिडिओवर विसंबावं का?

औसा_रोड
दोन भाऊ लातूरला खोली करून शिकायला राहणार आहेत, दोघेही वीस-बाविशीचे. खाण्याला महिना ३,००० रुपये, त्यातच गॅस. ज्वारी गावाकडून येईल. सामानात एका बर्नरची शेगडी, तीन लिटरचा कुकर, तवा आणि दोन पातेली. पाणी बोअरचं, जड आहे. डाळ शिजत नाही अशी तिथल्या सगळ्यांचीच तक्रार.

एका प्रसिद्ध चेहऱ्याचा व्हिडिओ फिरतोय: दोन माणसं, दिवसाला ६० रुपये. यादी अशी: तांदूळ २०० ग्रॅम, तूरडाळ १०० ग्रॅम, कणीक २४० ग्रॅम, तेल २० मिली, बटाटे २०० ग्रॅम. घरचे म्हणतात, याच यादीने चाला, पैसे उरतील.

१) ही यादी पुरेल का? २) डाळीचं काय करायचं? ३) शेतातलं सोयाबीन घरात आहे, ते खायला वापरता येतं का?

तराजू_काटा
आधी यादी मोजू. तांदळाच्या साधारण ६९० कॅलरी, डाळीच्या ३४०, कणकेच्या ८१५, तेलाच्या १६५, बटाट्याच्या १५०. बेरीज २,१६०. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाची दिवसाची गरज २,११० कॅलरी धरली आहे. म्हणजे त्या यादीत दोघांचं म्हणून दाखवलेलं जेवण एकाच माणसाचं आहे. घरच्यांना हीच बेरीज कागदावर करून दाखवा.

शिवाय त्या ६० रुपयांत गॅस, मीठ-मिरची, दळण काहीच नाही. आणि २० मिली तेलाचा भाव लिटरच्या पिशवीवरून काढलेला असतो. हातात पन्नास रुपये असलेला माणूस लिटरची पिशवी घेत नाही, छोटी पुडी घेतो, आणि पुडीचा भाव लिटरमागे बहुधा जास्तच पडतो. सुट्या डाळीचंही बहुधा तेच. म्हणून महिन्याच्या सुरुवातीलाच तेल, डाळ, शेंगदाणे एकदम भरा. काटकसर सगळ्यात जास्त तिथेच होते.

दोघांना दिवसाला एवढं धरा: ज्वारीचं पीठ ६०० ग्रॅम (सहा भाकरी), तांदूळ २५०, डाळ-कडधान्य मिळून १२०, शेंगदाणे ५०, सोयावडी ३०, तेल ४० मिली, कांद्यासकट भाजी ४०० ग्रॅम. हे ४,१०० कॅलरींच्या आसपास जातं. प्रथिनं ६५ किलोच्या माणसाला ५४ ग्रॅम लागतात. ज्वारीतून सुमारे ६०, डाळीतून २६, तांदळातून १७, सोयावडीतून १५, शेंगदाण्यातून १२, म्हणजे दोघांचं नीट भागतं. नुसती भाकरी-चटणी खाल्ली तर आकडा भरल्यासारखा दिसेल, पण ज्वारीच्या प्रथिनात लायसिन (शरीराला लागणारा प्रथिनाचा एक घटक) कमी असतं. ते डाळीतून येतं, म्हणून डाळ रोज हवीच.

महिन्याचा हिशोब (भाव मी धरलेले आहेत, आपल्या दुकानाचे टाका): डाळी ३.६ किलो १०० ने ३६०, शेंगदाणे दीड किलो १३० ने १९५, तेल १.२ लिटर १५० ने १८०, सोयावडी ९०० ग्रॅम १००, भाजी १२ किलो ३० ने ३६०, मीठ-मसाला १८०, दळण ९०, छोटं सिलिंडर ६००, अंडी ४० नग २६०. एकूण २,३२५. तांदूळ रेशनचा धरला आहे. ज्वारी विकत घ्यावी लागली तर ४५ ने १८ किलोचे ८१० वाढतात आणि ३,००० ओलांडतात. म्हणजे हा महिना गावाकडच्या पोत्यावर आणि रेशनवर उभा आहे, हे कोणी विसरू नये.

प्रथिनं स्वस्त कुठे पडतात ते असं काढा: किलोचा भाव भागिले किलोतली ग्रॅम प्रथिनं. ११० रुपयांच्या सोयावडीत ५२० ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला २१ पैसे. ८० च्या हरभऱ्यात २०० ग्रॅम, ४० पैसे. १२० च्या तूरडाळीत २२० ग्रॅम, ५५ पैसे. साडेसहा रुपयांच्या अंड्यात ६ ग्रॅम, एक रुपयाच्या थोडं वर. दूध ५० रुपये लिटर धरलं तर दीड रुपया.

डाळमिल_गल्ली
डाळीचं सांगतो. जड पाण्यातल्या चुन्यामुळे डाळीचं साल-गर सैल होत नाही. चिंच, टोमॅटो आधी टाकले तरी तेच होतं. म्हणून:

डाळ धुऊन अर्धा-पाऊण तास भिजवा. भिजवायला आणि शिजवायला पिण्याच्या जारचंच पाणी घ्या, शिजवताना एका वाटीला तीन वाट्या. नुसतं धुवायला बोअरचं चालेल. भिजवलेलं पाणी टाकून द्या. हळद आणि चमचाभर तेल घाला, तेलाने फेस कमी येतो. मीठ, चिंच शिजल्यावर. तीन लिटरच्या कुकरमध्ये डाळ-पाणी मिळून अर्ध्याच्या वर जाऊ देऊ नका, फेस शिट्टीत अडकतो. पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून आठ-दहा मिनिटं, मग वाफ आपोआप जिरू द्या. लगेच शिट्टी उचलली तर गॅसही वाया आणि डाळही अर्धी कच्ची. सोडा अगदी नाइलाज असेल तरच चिमूटभर, त्याने बी-१ जीवनसत्त्व जातं.

एवढं करूनही डाळ टणक राहिली तर ती जुनी आहे. दुकान बदला.

लातुरात डाळमिल भरपूर आहेत. तिथे तुकडा डाळ अख्ख्या फाडीपेक्षा स्वस्त मिळते आणि लवकर शिजते. फक्त चुनी आणि तुकडा यात गल्लत करू नका. चुनीत साल, भुकटी, माती असते, ती जनावरांची. मूठभर डाळ पांढऱ्या कागदावर पसरा, खडा आणि भुकटी लगेच दिसते.

येसर_आमटी
भाजी महाग झाली की मराठवाड्यात येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचं आमटीचं पीठ) असतंच, या पोरांना घरूनच करून द्या. ज्वारी एक वाटी, हरभरा डाळ एक वाटी, गहू अर्धी, उडीद डाळ पाव, धणे अर्धी, जिरं दोन चमचे, लाल मिरच्या आपल्या तिखटाप्रमाणे. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर. एकत्र भाजलं तर धणे करपतात आणि ज्वारी कच्ची राहते. पूर्ण गार झाल्यावर दळा. गरम दळलं तर डब्यात वाफ धरते आणि जाळी पडते. खोबरं-तीळ यात घालू नका, त्यांच्या तेलाने पीठ लवकर खवट होतं. हवं तेव्हा वरून कुटून घाला.

माणशी एक भरलेला चमचा गार पाण्यात कालवायचा. उकळत्या पाण्यात टाकला की गाठी होतात. लसणाची फोडणी, पाणी, कालवलेलं येसर, आठ-दहा मिनिटं उकळी. यात भाकरी चुरून पोट भरतं.

ज्वारीचं पीठ मात्र पंधरा दिवसांपुरतंच दळून आणायचं. विरी (चिकटपणा) गेलेल्या पिठाची भाकरी थापताना कडा फाटतात. तसं पीठ उरलंच तर उकळत्या पाण्यात उकड काढून मळायचं, टाकायचं नाही. बाजरी दळली तर आठवड्यात संपवा, कडू होते.

सोयाबीन_पट्टा
सोयाबीन चालतं, पण कच्चं दळून कणकेत मिसळू नका. कच्च्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनेच निकामी होतो. पोट फुगतं, पिठाला उग्र वास येतो, आणि मग लोक म्हणतात सोयाबीन बाधतं.

पाणी आधी खळखळ उकळू द्या, मग निवडलेले दाणे टाका, २०-२५ मिनिटं उकळा, पाणी फेका, चोळून साल काढा, कडक उन्हात खुळखुळ वाजेपर्यंत वाळवा. नऊ किलो गव्हाला एक किलो. यापेक्षा जास्त घातलं तर पोळी कडक होते. ओलसर दळायला नेलं तर गिरणीवाला परत पाठवेल, चक्की चिकटते.

पेरणीचं उरलेलं बियाणं कधीही खायचं नाही. त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, धुऊन जात नाही. घरात दोन पोती शेजारी असतील तर पोरांना आधी हे सांगा.

बिंदुसरा_काठ
प्रसिद्ध माणसांबद्दल. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये असं माझं मत. ‘एवढ्यात भागत नाही’ हे दाखवायला जो बसतो तो वेगळा, आणि ‘बघा, भागतं’ म्हणणारा वेगळा.

एप्रिल २०१५ मध्ये हॉलिवूडची अभिनेत्री ग्वीनेथ पाल्ट्रो हिने अमेरिकेतल्या सरकारी अन्नमदतीइतक्या पैशांत, २९ डॉलरमध्ये, आठवडा काढायचं ठरवलं. खरेदीत सात लिंबं होती म्हणून तिच्यावर टीका झाली. चार दिवसांत आपल्याच्याने झालं नाही हे तिने स्वतः लिहिलं. प्रयोग कच्चा होता, पण ‘गरिबांना जमतं’ असा दाखला त्यातून निघाला नाही.

आपल्याकडे २०१३ मध्ये अभिनेते-खासदार राज बब्बर म्हणाले की मुंबईत १२ रुपयांत पोटभर जेवण मिळतं. नंतर त्यांनी खेद व्यक्त केला. त्या वाक्याला मोजायचं माप पुढे सरकारनेच दिलं. जानेवारी २०२० मध्ये शिवभोजन थाळी सुरू झाली: दोन चपात्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण, मूदभर भात. गिऱ्हाइकाला १० रुपये, पण थाळीची किंमत शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ धरलेली. उरलेले पैसे अनुदानाचे. एका वेळच्या थाळीला ५०, तर दोघांच्या अख्ख्या दिवसाला ६० कसे पुरतील?

असा व्हिडिओ आला की चार गोष्टी बघा: ग्रॅम लिहिलेत का, इंधन धरलंय का, भाव पुडीचा की पोत्याचा, आणि किती दिवस. पाच दिवस कोणीही काढतो. सहाव्या दिवशी त्याला घरचं जेवण असतं, आणि चप्पल तुटणं, दवाखाना, गावाकडे जायचं भाडं यातलं काहीच त्या पाच दिवसांत येत नाही. हे खर्च खाण्याच्याच पैशातून निघतात, आणि पहिली कात्री डाळीला लागते.

औसा_रोड
सगळ्यांचे आभार. बेरीज घरी दाखवतो. रेशनकार्ड गावाकडचं आहे, पोरांना लातुरात धान्य मिळेल का?

तराजू_काटा
मिळेल. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी ५ किलो, म्हणजे दोघांचं १०. पोर्टेबिलिटीमुळे राज्यात कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून घेता येतं, आणि कार्डावरचं धान्य थोडं इथे थोडं तिथे असंही उचलता येतं. दोघांची नावं कार्डावर हवीत, आधार जोडलेलं हवं, ई-केवायसी झालेली हवी. गावात महिन्याच्या सुरुवातीला सगळा कोटा उचलला तर इथे मशीन शून्य दाखवेल, म्हणून घरी सांगून ठेवा की दोघांचं १० किलो सोडायचं. अंत्योदय कार्ड असेल तर हिशोब माणशी नाही, कुटुंबाला ३५ किलो असतो. दुकानात महिनाअखेर जाऊ नका, बाहेरच्या कार्डाला तेव्हा माल शिल्लक नसतो.

सिलिंडर पाच किलोचं एजन्सीचंच घ्या, ओळखपत्रावर मिळतं. किलोमागे घरगुतीपेक्षा महाग पडतं, तरी गल्लीतल्या दुकानात मोठ्यातून छोट्यात भरून घेऊ नका. वजन कमी भरतं आणि व्हॉल्व्ह गळतो.