अनुभव: दाराचं रबर, चुकीचा गोंद आणि आपले पराक्रम

कंदीलवाली:
आज गॅरेज आवरताना खोक्याच्या तळाशी वाळून दगड झालेली सिलिकॉनची नळी सापडली आणि एकटीच हसत बसले. नवऱ्याला दाखवली. तो काही न बोलता आत निघून गेला.

तर आमचा कॅम्पर. गाडीच्या मागे ओढायची चाकांवरची खोली, सेकंडहँड. आम्ही मिशिगनला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये लेक सुपीरिअरच्या काठी गेलो होतो, सोबत सांगलीहून आलेली आई. पहिल्याच रात्री दाराचं रबर वरच्या कोपऱ्यातून सुटून लोंबायला लागलं आणि पावसाचं पाणी थेट आईच्या उशाशी. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने गावातल्या दुकानातून सिलिकॉन आणलं, बाथरूमच्या टाइल्सच्या फटीत भरतात ते. भरपूर लावलं, रबर बसवलं, "दाबून राहिलं पाहिजे" म्हणून दार घट्ट ओढून घेतलं आणि आम्ही झोपलो. रात्रभर व्हिनेगरचा वास. आई दोनदा उठून लोणच्याची बरणी सांडली का बघून आली.

सकाळी दार उघडेना! रबर चौकटीला चिकटायचं ते दारालाही चिकटलेलं. शेवटी मी संकटकाळच्या खिडकीतून पाय खाली सोडून बाहेर पडले, आईने आतून थालीपीठाचं उलथनं दिलं, आणि दाराच्या कडेने ते सरकवत सरकवत वीस मिनिटांनी दार सुटलं. आई तोवर आत चहा पीत होती. "मी काही खिडकीतून यायची नाही" म्हणाली.

तुमचेही येऊ द्या.

झणझणीत_रस्सा:
😂😂 उलथनं वाचलं का?

कंदीलवाली:
वाचलं. अजून त्यावरच थालीपीठ उलटतो.

वाळवंटी:
आम्ही ॲरिझोनात. हसू आलं पण तुमची खरी गंमत पुढे झाली असणार. सिलिकॉन एकदा लागलं की त्यावर दुसरं काहीही धरत नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा नीट नाही. पुसून स्वच्छ दिसलं तरी तेलकट थर राहतो. मी प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने तीनदा पुसलं तेव्हा कुठे जमलं. या रबरासाठी वेदरस्ट्रिप ॲडेसिव्ह म्हणूनच वेगळं मिळतं. मी थ्रीएमचं काळं वापरतो. पिवळंही येतं, पण ओघळलं की शेंबूड दिसतो (इथले मेकॅनिक त्याला खरंच तेच म्हणतात). दोन्ही अंगांना पातळ हात द्यायचा, बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही इतकं सुकू द्यायचं, मग दाबायचं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, तेव्हा आधी कोरडंच लावून खुणा करून घ्या. आणि दार उघडं ठेवा हो!

पेठेतला:
आमच्याकडे याला बीडिंग म्हणतात. नाना पेठेत मीटरवर मिळतं. माझ्या जुन्या गाडीचं मागच्या दाराचं निघालं होतं. मी शहाणा, झटपट चिकटणारा गोंद लावला, तो कडक होतो हे डोक्यातच नाही. दार चार वेळा आपटलं, काचेसारखा तडकला. वर माझी दोन बोटं एकमेकांना चिकटली ती वेगळीच. शेवटी कोपऱ्यावरच्या चपलावाल्या काकांनी त्यांच्या डब्यातलं पिवळं सोल्युशन ब्रशने लावून दिलं. "साहेब, वाकणाऱ्या वस्तूला वाकणाराच गोंद." वीस रुपये घेतले. गाडी विकेपर्यंत टिकलं.

सुगरण_नाही:
फ्रिजच्या दाराचं रबर पण असंच चिकटवायचं का? आमचं खालून सुटलंय, कालपासून दूध नासतंय

वाळवंटी:
@सुगरण_नाही फ्रिजला गोंद नको. ते बहुतेक खाचेत बसवलेलं असतं. गरम पाण्याच्या फडक्याने शेकून मऊ करा, परत खाचेत दाबा. मग दारात दहाची नोट धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथे फट आहे. कॅम्परलाही हीच परीक्षा.

झणझणीत_रस्सा:
दहाची नोट आणायची कुठून, सगळं यूपीआय 😜

सुगरण_नाही:
लाइटबिलाचा कागद चालला. खालचा कोपरा नापास. शेकतेय.

संत्रानगरी:
आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला गेला की बीडिंग आपोआपच चिकटते, काढायची पंचाईत. दार उघडलं की अर्धं रबर दारासोबत येते. बाबा टाल्कम पावडर चोळून ठेवत. सगळ्या गाडीला बाळाचा वास.

मुक्काम_पोस्ट:
माझी चूक कोणी केली नसेल तर लिहून ठेवते. रबर दोन इंच कमी पडत होतं, ताणून बसवलं. छान दिसलं. महिन्याभरात आखडलं आणि दोन्ही कोपरे उघडे. ताणायचं नाही, उलट किंचित ढिलं सोडायचं, आणि जोड दाराच्या खालच्या बाजूला घ्यायचा. चौकटीला खाली पाणी जायची बारीक भोकं असतात, ती गोंदाने बुजवू नका. मी तेही केलं होतं. पाणी आतच साठलं, दाराजवळची प्लायवुडची जमीन बिस्किटासारखी झाली. पाय टेकला की आत. बाकी घरी यायचं असेल तर सांभाळून.

कंदीलवाली:
अगं बाई! @वाळवंटी दादा, बरोबर ओळखलंत. पुढचा अख्खा सप्टेंबर खरवडण्यात गेला. मग ऑक्टोबरात नवीन रबर लावलं तर थंडीने गोंद सुकेचना. दोन दिवस मास्किंग टेपच्या पट्ट्या लावून ठेवलं होतं, दार बँडेज बांधल्यासारखं.

पेठेतला:
आईंचं लोणचं कसलं होतं?

कंदीलवाली:
लिंबाचं, उपासाचं.

पेठेतला:
मग रेसिपीचा धागा काढा. गोंद नंतर बघू.

सुगरण_नाही:
चिकटलं!!! फ्रिजचं. बिल आत अडकलंय, निघत नाही 🙏