रोम – तीन पूर्ण दिवस, सोबत आई आणि दोन मुलं. प्लॅन बघून सांगाल का?

चाफा
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात रोमला जातोय, गुरुवारी दुपारी उतरतोय आणि सोमवारी सकाळी परत, म्हणजे हातात शुक्रवार, शनिवार, रविवार एवढेच पूर्ण दिवस. व्हिसा, विमान सगळं झालंय, हॉटेल तेर्मिनी स्टेशनजवळ घेतलंय. आम्ही पाच जण – मी, नवरा, माझी आई (वय ६८, गुडघे दुखतात, सपाट रस्त्यावर हळूहळू दोनेक किलोमीटर चालते पण जिने आले की अवघड होतं), मुलगी १२ वर्षांची आणि मुलगा ५ चा.
आत्ता प्लॅन असा आहे: शुक्रवारी सकाळी कोलोसियम, रोमन फोरम आणि पॅलेटाइन टेकडी, दुपारी पँथियॉन, त्रेवी कारंजं, स्पॅनिश स्टेप्स. शनिवारी सकाळी लवकर ट्रेनने पॉम्पेई, रात्री परत. रविवारी व्हॅटिकन म्युझियम, सेंट पीटर्स आणि वेळ उरला तर बोर्गेझे गॅलरी. लिहिताना मलाच धाप लागतेय पण कापायचं काय ते कळत नाहीये, प्रत्येक गोष्ट कुणाला ना कुणाला बघायचीच आहे. मुलगी ग्लॅडिएटर्सबद्दल वाचून वाचून वेडी झालीये. शिवाय विमानतळावरून ट्रेन बरी की टॅक्सी, आणि तिकिटं आधी काढायची की तिथे जाऊन, तेही सांगा प्लीज.

उंबरठा
चाफा, पहिली गोष्ट, रविवारी व्हॅटिकन म्युझियम बंद असतं. महिन्याचा फक्त शेवटचा रविवार उघडं असतं, तेही दुपारपर्यंत आणि फुकट, त्यामुळे त्या दिवशी रांग बघवत नाही. तुमचा रविवार दुसऱ्या आठवड्यातला, म्हणजे बंदच. हे आधी बदला.
दुसरं, पॉम्पेई काढून टाका. रोम ते नेपल्स फास्ट ट्रेन सव्वा तासाच्या आसपास, मग तिथून लोकल ट्रेन अजून पाऊण तास, स्टेशनवर थांबणं, बदलणं धरून हॉटेलपासून एका बाजूचे तीन तास सहज जातात. आणि तिथे सावली जवळजवळ नाही, रस्ते सगळे दोन हजार वर्षांपूर्वीच्या मोठमोठ्या दगडांचे, मधे मधे उंच पायऱ्यांसारखे दगड ओलांडायचे. गुडघेदुखी असलेल्या माणसाला हा दिवस शिक्षा होईल. जुनं रोमन शहर बघायचंच असेल तर ओस्तिया अँटिका आहे, पिरामिदे मेट्रोला उतरून शेजारच्या स्टेशनवरून अर्ध्या तासात, मेट्रोच्याच तिकिटावर. तिथे दुकानं, थिएटर, सार्वजनिक संडाससुद्धा आहेत, पोरांना ते भारी आवडतं. पण खरं सांगू का, तीन दिवसांत मी तेही धरणार नाही.

सात_पावलं
माझ्या मते व्हॅटिकन म्युझियमच कापा. सासूबाईंना घेऊन गेलो होतो तेव्हाचा अनुभव सांगते. आतल्या सगळ्या दालनांची लांबी मिळून ७ किलोमीटरच्या आसपास भरते असं सांगतात, सगळं अर्थातच कुणी चालत नाही, पण सिस्टिन चॅपल (मायकेलअँजेलोने छत रंगवलेलं ते) अगदी शेवटाकडे आहे आणि तिथे पोचायला गर्दीसोबत ढकलत ढकलत जावंच लागतं, मधे परत फिरता येत नाही म्हटलं तरी चालेल. सासूबाई चॅपलमधे पोचेपर्यंत इतक्या दमल्या होत्या की वर बघितलंच नाही त्यांनी, भिंतीकडेच्या बाकावर डोळे मिटून बसून राहिल्या. मला अजून वाईट वाटतं त्याचं. त्यापेक्षा नुसतं सेंट पीटर्सला जा, प्रवेश फुकट आहे, आत सगळं सपाट, मायकेलअँजेलोचं पिएता हे शिल्प आत शिरल्या शिरल्या उजव्या हाताला आहे. सकाळी ७ ला उघडतं, साडेसातच्या आत पोचलात तर सुरक्षा तपासणीची रांग किरकोळ असते, १० नंतर तीच रांग चौकभर वळसा घालते.

चाफा
उंबरठा, रविवारचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, वाचवलंत. पॉम्पेई काढलं, नवऱ्याशी बोलले, तो हिरमुसला पण पटलं त्याला.
सात_पावलं ताई, म्युझियम मात्र कापता येणार नाही. आई ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवत होती. सिस्टिनच्या छताचं एक जुनं छापील चित्र तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं होतं, आम्ही लहान असल्यापासून, कडा पिवळ्या पडलेल्या, त्यातलं ते देवाच्या आणि आदमच्या दोन बोटांचं चित्र मला कपाटातून कपडे घेताना रोज दिसायचं. ही ट्रिप मुळात त्यासाठीच आहे. हे मी पहिल्याच पोस्टमधे लिहायला हवं होतं. ती स्वतः काही म्हणत नाही, विचारलं की म्हणते तुम्हाला जमेल तसं करा, मी कुठेही बसेन.

सात_पावलं
अगं मग प्रश्नच मिटला! मग बाकी सगळी ट्रिप त्या छताभोवती बसव. शुक्रवार सकाळ, आई ताजी असतानाच, सगळ्यात पहिला स्लॉट. कोलोसियम शनिवारी. आणि आम्ही जी चूक केली ती करू नकोस: म्युझियममधे व्हीलचेअर फुकट मिळते, मागायची फक्त. आम्हाला माहितीच नव्हतं. सासूबाई चालू शकतात म्हणून आम्ही विचारच केला नाही, पण चालता येणं वेगळं आणि दोन तास गर्दीत उभं राहणं वेगळं. आईला आधीच समजावून सांग, की खुर्ची आजारपणासाठी नाही, छतासाठी पाय आणि मान राखून ठेवायला आहे. व्हीलचेअरवाल्यांना लिफ्टचा रस्ता दाखवतात.

अर्धविराम
वा, चित्रकला शिक्षिका आई! मग थोडं सविस्तर लिहितो, हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.
तिकीट फक्त म्युझियमच्या अधिकृत साइटवरून काढा, पत्त्याच्या शेवटी डॉट व्हीए असतं ते बघून घ्या. सर्च केलं की वरती पाच-सात साइट्स येतात ज्या अधिकृत वाटतात पण तेच तिकीट दीडपट-दुप्पट भावात विकतात. आमच्याकडून एकीने असेच जास्त पैसे घेतले होते, वर वेळही भलतीच दिली. साधारण दोन महिने आधी तारखा उघडतात, सकाळचे स्लॉट पटकन जातात. पाच वर्षांच्याला तिकीट नाही, मुलीला सवलतीचं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत सगळ्यांचे, ऑक्टोबरमधेही ऊन असतं त्यामुळे मुलीला हाफपँट घालायचा मोह होईल.
आत गेल्यावर सगळं बघायचा प्रयत्न करू नका. आईंना विचारून तीन-चार गोष्टी ठरवा. मी असतो तर लाओकूनचा प्राचीन पुतळा (१५०६ मधे एका द्राक्षमळ्यात सापडलेला, मायकेलअँजेलो स्वतः बघायला गेला होता), नकाशांची गॅलरी, राफाएलच्या खोल्यांमधलं स्कूल ऑफ अथेन्स हे भित्तिचित्र, आणि मग सरळ चॅपल. स्कूल ऑफ अथेन्समधे पायऱ्यांवर एकटाच, गालावर हात ठेवून बसलेला एक माणूस आहे, तो मायकेलअँजेलोवरून काढला असं मानतात. मुलीला शोधायला सांगा. नकाशांच्या गॅलरीत जवळजवळ सगळे नकाशे इटलीचे आहेत आणि ती १२० मीटर लांब आहे, पाच वर्षांच्याला तिथला सोनेरी छताचा बोगदा आवडेल.
चॅपलमधे फोटो काढायला बंदी, बोलायलाही बंदी, दर थोड्या वेळाने पहारेकरी शांतता शांतता ओरडतात. त्यामुळे काय बघायचं ते आत जाण्याआधी मुलांना सांगून ठेवा. छत १५०८ ते १५१२ मधलं, मायकेलअँजेलोने ते आडवं पडून नाही, मचाणावर उभं राहून मान मागे टाकून रंगवलंय, मुलीला पाच मिनिटं तशी मान ठेवायला सांगा म्हणजे तिला समजेल. समोरच्या भिंतीवरचं त्याचंच लास्ट जजमेंट हे चित्र नंतरचं, १५३६ ते १५४१. त्यात एका संताच्या हातात सोललेली कातडी लोंबतेय, त्या कातडीवरचा चेहरा मायकेलअँजेलोचा स्वतःचा मानतात. आईंना तिथल्या कडेच्या बाकावर जागा मिळेपर्यंत थांबा आणि मग घाई अजिबात करू नका, तिथे किती वेळ बसायचं याला काही मर्यादा नसते. गरज पडली तर नवऱ्याने मुलाला घेऊन आधी बाहेर पडावं.

पाणवठा
कोलोसियमबद्दल मी सांगते. तिकीट १८ युरो, त्यातच फोरम आणि पॅलेटाइन येतं, १८ वर्षांखालच्यांना फुकट पण त्यांचंही शून्य युरोचं तिकीट बुक करावंच लागतं. तिकिटं साधारण ३० दिवस आधी उघडतात आणि तिकिटावर नाव असतं, पासपोर्टवर आहे तसंच्या तसं टाका. आत लिफ्ट आहे, आईंना वरच्या मजल्यावरही नेता येईल. फोरममधे मात्र आईंना नेऊ नका, दगड इतके वरखाली आहेत की मलाच बूट बदलावे लागले. तुम्ही नि मुलगी फोरममधे उतरा आणि आईंना टॅक्सीने कॅपिटोलिन टेकडीवर सोडा, तिथल्या मुख्य इमारतीच्या मागे कठडा आहे, तिथून अख्खं फोरम पायाखाली पसरलेलं दिसतं. चित्र काढणाऱ्या माणसाला तर आतून बघण्यापेक्षा तेच जास्त आवडेल. वही-पेन्सिल द्या सोबत.
आणि पाणी विकत घेऊ नका. रोमभर रस्त्यात बिडाचे बुटके नळ आहेत, त्यांना नाझोनी म्हणतात म्हणजे मोठं नाक, पाणी चोवीस तास वाहत असतं, थंडगार आणि प्यायचं असतं. त्या नाकाच्या वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं, खालचं तोंड बोटाने दाबून धरलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, सरळ तोंड लावून प्यायचं. माझ्या मुलाने पहिल्या दिवशी शर्ट भिजवला आणि मग प्रत्येक कोपऱ्यावर नळ दिसला की पळत सुटायचा. पाच वर्षांच्याला दिवसभर चालवायचं असेल तर याच्यासारखा उपाय नाही.

उंबरठा
विमानतळाचं राहिलं. फ्युमिचिनोवरून तेर्मिनीला लिओनार्दो एक्सप्रेस ३२ मिनिटं, १४ युरो. तुमचा मुलगा फुकट पण मुलीला १२ पूर्ण आहेत म्हणजे चार तिकिटं, ५६ युरो. अधिकृत पांढऱ्या टॅक्सीचा जुन्या तटबंदीच्या आतला ठरलेला दर ५५ युरो, सामानासकट, अख्ख्या गाडीचा, आणि हॉटेलच्या दारात सोडतात. तेर्मिनी तटबंदीच्या आतच आहे. तुम्ही पाच जण आहात म्हणून रांगेतल्या माणसाला मोठी गाडी मागा, आणि बसायच्या आधी ठरलेला दर ना, एवढं विचारून घ्या. आत हॉलमधे येऊन टॅक्सी टॅक्सी करतात त्यांच्यामागे जाऊ नका.
गावात मेट्रो आणि बसला बँकेचं कार्ड टेकवून जाता येतं, १.५० युरो, पण प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, एकाच कार्डावर सगळे जात नाहीत. १० वर्षांखालच्यांना फुकट. मेट्रोत चढताना दारातली गर्दी सांभाळा, माझ्या भावाचं पाकीट मागच्या खिशातून तिथेच गेलं. आणि हॉटेलला शहराचा कर वेगळा द्यावा लागतो, माणशी दर रात्रीचा, तो बुकिंगच्या रकमेत बहुतेकदा नसतो.

सात_पावलं
रविवार मोकळा ठेव. फोरमशेजारचा मोठा रस्ता रविवारी गाड्यांना बंद असतो, मुलं मोकळी पळतात. दुपारी बोर्गेझेची बाग, तिथल्या छोट्या तळ्यात वल्ह्याच्या होड्या मिळतात. गॅलरी करायची तर दोन तासांचा स्लॉट आधीच बुक करावा लागतो, बर्निनीचं अपोलो आणि डॅफ्नीचं शिल्प तिथे आहे, पळता पळता डॅफ्नीच्या बोटांची पानं होतायत, संगमरवराची पानं इतकी पातळ की बघताना भीती वाटते. तू आणि आई आत जा, बाकीचे होडीत. स्पॅनिश स्टेप्स खालूनच बघा, १३५ पायऱ्या आहेत आणि त्यांवर बसलं की दंड होतो, तेव्हा आईंना विसाव्याला त्यांचा काही उपयोग नाही.
पँथियॉनला ५ युरो तिकीट आहे, मोठ्यांना. पाऊस पडला तर हॉटेलात बसू नका, उलट तेव्हाच पँथियॉनला जा. घुमटाला मधोमध उघडं भोक आहे, पाऊस सरळ आत पडतो, मधल्या जागेला दोरी लावतात आणि पाणी फरशीतल्या बारीक भोकांतून खाली जातं. आम्हाला अचानक मिळालं ते दृश्य. एवढ्या लोकांत फक्त पाण्याचा आवाज.

चाफा
सगळ्यांचे मनापासून आभार, किती आपुलकीने लिहिलंय सगळ्यांनी. आता असं करतोय: गुरुवारी नुसतं हॉटेलच्या आसपास. शुक्रवारी सकाळी व्हॅटिकन म्युझियम व्हीलचेअर घेऊन, दुपारी हॉटेलवर झोप, बाकी काही नाही. शनिवारी सकाळी लवकर कोलोसियम, मी आणि मुलगी फोरम, आई नवऱ्याबरोबर कॅपिटोलिनच्या कठड्यावर, संध्याकाळी पँथियॉन आणि त्रेवी. रविवारी सात वाजता सेंट पीटर्स आणि मग बोर्गेझे. काल रात्री आईला फोनवर सांगितलं की शुक्रवारी पहिलं तेच आणि नंतर दिवसभर काहीच नाही. थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, चश्म्याचा नंबर तपासून घेते जाण्याआधी.

अर्धविराम
एक राहिलं. छत २० मीटर उंच आहे. आईंसाठी छोटी दुर्बीण घ्या, नाटकाला नेतात तसली हलकी. ती दोन बोटं अगदी जवळून बघता येतील.