गुठळीचा खर्च बिलापाशी थांबत नाही
रक्ताच्या गुठळीचा खर्च म्हणजे इस्पितळाचं बिल, असं काहीजण म्हणतात. मला ते अपुरं वाटतं. रुमॅटॉइड संधिवात, ल्युपस, क्रोन्स (आतड्यांचा आजार) अशा, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या आजारांत दाह वाढला की रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढते. पायात गुठळी झाली की रक्त पातळ करणारं औषध किमान 3 महिने, मूळ आजार धुमसत असेल तर बरंच जास्त काळ चालतं. त्यानंतरही 20 ते 50 टक्के रुग्णांच्या पायाची सूज, ठणका मागे उरतो. त्यापायी बुडालेले कामाचे दिवस कोण मोजतं? ल्युपससोबत अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम (प्रतिकारशक्तीतल्या बिघाडामुळे गुठळ्या होण्याचा विकार) असेल तर रक्त पातळ करणाऱ्या औषधांपैकी बहुधा वॉरफरिनच लागतं, म्हणजे आयएनआरच्या (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणाऱ्या) तपासण्या आल्याच. आणि हो, जॅक इनहिबिटर (याच आजारांतला दाह कमी करणारी औषधं) सुरू करण्याआधी पूर्वी गुठळी झाली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण या औषधांनी गुठळीचा धोका वाढू शकतो.